तक्रार करावी, पण कशी?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोललो तसेच लिहून काढले आहे. वेळेअभावी जे राहून गेले ते एकदोन ठिकाणी घातले आहे.)





कमिटीने मला विषय दिला होता ‘ग्राहकांचे हक्क’. मी म्हटलं, मी काही वकील नाही, माझं शिक्षण सातवी. जे काही वाचलं ते गिरणीच्या दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात वाचलं. तेव्हा कायद्याचं व्याख्यान माझ्याकडून होणार नाही. पण या पावसाळ्यात माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती मी सांगू शकतो. ती सांगताना कायद्याचं येईल तेवढं येईल. त्या गोष्टीत चूक माझीही आहे. म्हणून आधीच सांगतो, मला इथे मोठा माणूस म्हणून उभं केलेलं नाही असं समजून ऐका.

तुम्ही मला ओळखता. १९८७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी गिरणीत बदली म्हणून लागलो. पुढे विणकाम खात्यात साच्यांवर कायम झालो. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, गिरणी बंद झाली, ती आमच्यासाठी पुन्हा उघडली नाही. आता तळोज्याला एके ठिकाणी रात्रपाळीला जातो. तेहतीस वर्षं साच्यांचा खडखडाट ऐकला. ज्यांनी साचेखातं पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, तिथे शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही, ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून समजून घ्यावं लागतं. त्याचा परिणाम असा की माझे कान अर्धे गेले. मी बोलतो ते मोठ्याने, आणि टी.व्ही. लावतो तोही मोठ्याने. घर दोन खोल्यांचं. माझी मुलगी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास मोबाईलवरची लेक्चर ऐकून करते. एका कानात माझ्या बातम्या, दुसऱ्या कानात गणिताचे मास्तर, असं किती दिवस चालणार? तिच्याकडे वायरचे इअरफोन होते, त्यांचा एक कान बंद पडला. म्हणून मीच म्हटलं, तुला ते बिनवायरचे घेऊ. पोरं त्याला बड्स म्हणतात. बाराशे नव्व्याण्णव रुपये. माझ्यासारख्याला ही रक्कम लहान नाही. पण परीक्षा महिन्यावर आली होती आणि टी.व्ही.चा दोष माझा होता.

मोबाईलवरून ऑर्डर दिली, पैसे आधीच भरले. पाच दिवसांत येईल असं लिहून आलं. आठ तारखेला येणार होतं. आठला आलं नाही. नऊ तारखेला मोबाईलवर मजकूर आला, ‘आम्ही आपल्या घरी आलो होतो, आपण उपलब्ध नव्हता.’ आता त्या दिवशी मी रात्रपाळी करून दिवसभर घरात. मंडळी घरात. मुलगी घरात. दाराची कडी वाजली नाही की फोन वाजला नाही. ज्यांना हा अनुभव आला असेल त्यांनी हात वर करा. (बघा, अर्ध्या विहाराने हात वर केले.)

माणसाला उशीर सहन होतो. खोटं सहन होत नाही. ‘ट्रॅफिकमुळे उशीर झाला’ असं लिहिलं असतं तर मी काही बोललो नसतो. कल्याण-शीळ रस्ता काय आहे हे मला माहीत आहे, भिवंडीच्या गोदामातून निघालेली गाडी शीळफाट्याला किती वेळ उभी राहते हेही माहीत आहे. शिवाय आपला पत्ता. ओवे लिहिलं की कुणी ओवे गावात जातो, कुणी ओवे कॅम्पला, कुणी खारघरच्या सेक्टरात फिरत बसतो. एकाला मी मागे पेठपाड्याच्या मेट्रो स्टेशनावरून चालत जाऊन घेऊन आलो आहे. हे सगळं कबूल. पण मी घरात बसलेला असताना मी घरात नाही असं मलाच कळवायचं, हे डोक्यात गेलं.

मग मी फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. अठरा मिनिटांनी एक मुलगी बोलली. मी तिला काय काय बोललो ते या विहारात उच्चारणार नाही. ती तीन वेळा ‘सॉरी सर’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा दुसरी मुलगी, पुन्हा तीच कथा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता पलीकडून फोन बंद झाला. मी फोन गादीवर आपटला. तेव्हा माझी मुलगी आतून बाहेर आली. ती दीड वर्ष ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये होती हे तुम्हाला ठाऊक आहे. ती म्हणाली, “पप्पा, ती मुलगी म्हणजे मीच आहे असं समजा.” आणि पुन्हा आत गेली. मला राग आला. घरचंच माणूस आपली बाजू घेत नाही असं वाटलं.

आता खरी गोष्ट सांगतो. ज्याच्याबद्दल सांगतोय त्याची परवानगी घेतली आहे, नाव मात्र घेणार नाही.

चौदा तारखेला संध्याकाळी गल्लीत एक पोरगा पाठीवर ती मोठी बॅग घेऊन आला. शेजारच्यांचा कुकर द्यायला आला होता. मी दारातच होतो. मी उठलो आणि त्याच्या बॅगेचा पट्टा धरला. म्हटलं, माझं पार्सल कुठे आहे? तो म्हणाला, “काका, तुमचं माझ्याकडे आलेलंच नाही.” मी म्हटलं, तुम्ही सगळे चोर आहात. वस्तू दाबून ठेवता आणि माणूस घरी नाही म्हणून लिहिता. चार बायका दारात आल्या, पोरं जमली. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, तो खालच्या नाक्यापर्यंत गेला असणार. त्या पोराने मान खाली घातली, मोबाईल पुढे केला आणि त्या दिवसाची यादी दाखवली. “बघा काका, यात तुमचं नाव नाही.” मला चष्म्याशिवाय ते वाचता येईना. मी पट्टा सोडला. तो गेला.

रात्री कामावर जाताना मंडळी म्हणाली, “अहो, तो कोण होता कळलं का?” आणि तिने सांगितलं. माझ्याबरोबर गिरणीत काम केलेल्या, आता हयात नसलेल्या एका मित्राचा मुलगा. रविवारी याच विहारात, या इथे दुसऱ्या रांगेत बसून वंदना म्हणतो. डोक्यावर हेल्मेट होतं, तोंडाला रुमाल होता, मी ओळखलं नाही. त्याने मला ओळखलं होतं.

बंधू-भगिनींनो, ‘चोर’ हा शब्द मला नवा नाही. गिरणीच्या गेटवर सुटताना झडती व्हायची. हात वर करून उभं राहायचं. ती रोजचीच गोष्ट, तिचं काही वाटायचं नाही. पण एकदा, १९९३ साली असेल, खात्यातून कापडाचा तुकडा गेला आणि मला एकट्याला बाजूला काढून सगळ्यांसमोर डबा उघडायला लावला. डब्यात भाकरी होती, उरलेली अर्धी. ज्याने उघडायला लावला तो मागाहून ‘चुकलं’ म्हणाला नाही. बत्तीस वर्षं झाली, ती अर्धी भाकरी मी विसरलेलो नाही. आणि मी काय केलं? तेच. माझ्याच माणसाला, आणि परका असता तरी तेच म्हणावं लागेल, गल्लीत उभं करून त्याची झडती घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, बाळा, माझं चुकलं. तो हसला, चहा घ्या म्हणाला. मग बसून त्याने जे सांगितलं त्यातून मी बरंच शिकलो. त्याला पगार नाही, नगावर पैसे. आम्हीही साच्यावर नगावरच होतो, किती वार कापड निघालं त्यावर पगार. पेट्रोल त्याचं, गाडीचा हप्ता त्याचा. दिवसाची ठरलेली संख्या पुरी झाली नाही तर संध्याकाळी उरलेल्या पार्सलांपुढे काहीतरी कारण भरावं लागतं. मोबाईलमध्ये जी तीनचार कारणं दिलेली असतात त्यातलंच एक. ‘वेळ मिळाला नाही’ हे कारण त्या यादीत नाही! म्हणून कुणीतरी ‘ग्राहक उपलब्ध नाही’ दाबतो. मी त्याला म्हटलं, तरी ते खोटंच ना? तो म्हणाला, “खोटंच काका. पण आम्हाला खरं लिहायला जागाच ठेवलेली नाही.”

जुन्या गिरणी कामगारांना हे लगेच समजेल. आमच्या आधीच्या पिढीतले लोक सांगायचे, कापडात डाग पडला, तार सुटली, की ते कापड साचेवाल्याच्याच गळ्यात मारायचे आणि पगारातून त्याची किंमत कापायचे. सूत कच्चं कुणी आणलं, साचा दुरुस्त कुणी केला नाही, हे कुणी विचारायचं नाही. शेवटी ज्याचा हात लागला तो गुन्हेगार. आज पार्सल आणणारा पोरगा आणि फोन उचलणारी मुलगी, हे दोघं त्या जागी आहेत. या लोकांसाठी ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हे शब्द २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आले. शब्द तेव्हा आले, बाकीचं मागाहून यायचं होतं. त्यावर मी आज बोलत बसलो तर जेवणाची वेळ होईल.

निघताना त्याने एक गोष्ट सांगितली. ती ऐकून माझ्या ‘नम्रपणे बोला’ या भाषणातली हवाच गेली, म्हणून तीही सांगतो. तो म्हणाला, “काका, तुम्ही ओरडलात ते मी विसरेन. टॉवरमध्ये कुणी ओरडत नाही. सगळे ‘थँक्यू भैया’ म्हणतात. पण आम्हाला लिफ्ट वेगळी. सामानाची.” मी गप्प बसलो. वेगळी लिफ्ट म्हणजे काय हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

तेव्हा गोड बोलणं म्हणजेच सभ्यता, असं मी म्हणणार नाही. आपल्या समाजाचा तर या गोड बोलण्याशी जुना हिशेब आहे. आपले आजे-पणजे ‘जोहार मायबाप’ म्हणत होते. अंगणाच्या बाहेर उभं राहून, मान वाकवून. त्यांच्याइतकं नम्र कोण बोललं असेल? त्यांना काय मिळालं? तो जोहार टाकून आपण ‘जय भीम’ म्हणायला लागलो. म्हणून आपल्या तरुणांना कुणी ‘नम्रपणे बोल’ म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येतो, आणि ते मला पटतं. पण उलट बाजूला मी उभा होतो, पट्टा धरून. तिथेही काही मिळालं नाही. पार्सल तर नाहीच.

मग तक्रार करायची कशी?

भंतेजींना मी हा प्रश्न विचारला. त्यांनी सांगितलं की भिक्खू संघातही तक्रारी होत्या, एक भिक्खू दुसऱ्याचा दोष दाखवायचा. त्याचा नियम विनयपिटकात, चुल्लवग्गात आहे. भगवंतांनी तो उपालीला सांगितला. ज्याला दुसऱ्याचा दोष दाखवायचा आहे त्याने आधी मनात पाच गोष्टी पक्क्या करायच्या. मी योग्य वेळी बोलेन, अवेळी नाही. घडलेलं तेच बोलेन. मृदू बोलेन, कठोर नाही. ज्यातून हित होईल ते बोलेन. आणि मनात मैत्री ठेवून बोलेन, द्वेष ठेवून नाही. लक्षात घ्या, दोष दाखवू नका असं यात कुठेही नाही. गप्प बसा असं नाही. दाखवायचाच आहे, पण असा. मी माझ्या तीन फोनांना या पाच गोष्टी लावून बघितल्या. खरं बोललो होतो. बाकी चारांत नापास.

आणखी एक गोष्ट तुम्ही वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकली असेल. राजगृहाच्या वेळुवनात एक भारद्वाज ब्राह्मण भगवंतांना शिव्या देतो. भगवंत विचारतात, तुझ्या घरी पाहुणे येतात का? त्यांना तू जेवण वाढतोस, त्यांनी घेतलं नाही तर ते कुणाचं? तो म्हणतो, माझंच. तशाच या शिव्या आम्ही घेतल्या नाहीत, त्या तुझ्याकडेच राहिल्या. ही गोष्ट आपण नेहमी शिव्या खाणाऱ्याच्या बाजूने ऐकतो. या वेळी मी ती वाढणाऱ्याच्या बाजूने ऐकली. फोनवरच्या त्या मुलीने माझं ताट घेतलं नाही, आणि मी रात्रभर कामावर ते घेऊन बसलो होतो.

आता आपल्या चळवळीचं बघा. आपली चळवळ अर्जांनी सुरू झालेली आहे. १८९० च्या सुमाराला सरकारने महारांची सैन्यातली भरती बंद केली. तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या महाडकडचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त सैनिक, यांनी १८९४ साली सरकारकडे द्यायचं विनंतीपत्र तयार केलं. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला अनेक गावच्या लोकांची सभा घेतली आणि अर्ज केला. १९१० साली पुन्हा केला, तो थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे. त्या अर्जांची भाषा अत्यंत आदबीची आहे. पण मागितलंय काय? भीक नाही मागितली. आमच्या बापजाद्यांनी या सैन्यात नोकरी केली, लढाया केल्या, तेव्हा आमची भरती पुन्हा सुरू करा. पुरावा आणि मागणी. वलंगकर १९०० साली वारले, त्यांना उत्तर बघायला मिळालं नाही. महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला.

गिरणी कामगारांच्या बाबतीत तेच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना कमिशनपुढे ठेवला. त्यात मागणी होती आठवड्यातून एक सुट्टी. ती रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. आज रविवारी आपण वंदनेला जमतो, त्यात त्या साडेपाच हजार सह्यांचा आणि अंगठ्यांचा वाटा आहे. माझे आजोबा गिरणीत होते, पण साच्यावर नव्हते. त्या काळी आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत. का, तर सूत ओवताना तोंड लावावं लागायचं आणि मग ते धोटं दुसऱ्या कामगारांना बाटलेलं वाटायचं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकांपुढे मागण्या नेताय ना, मग ही मागणीही घ्या. मी साच्यावर उभा राहिलो तो त्यामुळे. आणि चवदार तळं तर आपल्या जिल्ह्यातलंच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पाणी घेतलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्यानंतर दहा वर्षं कोर्टात केस चालली आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला, हे आपण फारसं सांगत नाही. कागदपत्रांची ती दहा वर्षं घोषणांत बसत नाहीत ना!

विषयांतर झालं. इअरफोनवर येतो. मोठ्या माणसांच्या पंगतीत माझे बाराशे नव्व्याण्णव रुपये नेऊन बसवले असं कुणाला वाटेल, पण मला अर्ज कसा लिहायचा हे त्यांच्याकडूनच कळलं.

मी अर्ज लिहायला बसलो. पहिला मसुदा गिरणीच्या सवयीने लिहिला. ‘मेहेरबान साहेबांच्या सेवेशी, मी एक गरीब कामगार असून, कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा, आपले फार उपकार होतील, आपला आज्ञाधारक.’ मुलीने वाचलं. म्हणाली, “पप्पा, पैसे आपण दिलेत. उपकार कसले?” आणि तिने ‘गरीब’पासून ‘आज्ञाधारक’पर्यंत सगळ्यावर रेघ मारली. मग मी दुसरा लिहिला, त्यात तुम्ही लुटारू आहात, तुम्हाला कोर्टात खेचतो, पेपरात देतो. तीन पानं झाली. तिने विचारलं, “यात आपल्याला काय पाहिजे ते कुठे लिहिलंय?” मी शोधलं. लिहिलेलंच नव्हतं! तीन पानांत एकदाही ‘पैसे परत करा’ असं नव्हतं.

तिसरा अर्ज असा होता: ‘ऑर्डर क्रमांक अमुक. तीन तारखेला रु. १,२९९ भरले. आठ तारखेला वस्तू देण्याचे आपण लेखी कळवले होते. वस्तू आजपर्यंत मिळालेली नाही. नऊ तारखेला मी घरी नसल्याची नोंद आपण केली, ती चुकीची आहे. त्या दिवशी मला एकही फोन आलेला नाही. माझ्या फोनची नोंद सोबत जोडली आहे. वस्तू मुदतीत न मिळाल्याने मला ती नको आहे. माझी पूर्ण रक्कम परत करावी. आपल्या फोनवरील कर्मचाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही.’ खाली नाव. शेवटचं वाक्य माझं आहे, मुलीने सांगितलेलं नाही. हा अर्ज मी फोनवरच्या मुलीकडे दिला नाही, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवला.

हा तक्रार अधिकारी काय प्रकार आहे ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना माहीत नाही. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा पहिला झाला १९८६ साली. त्याच्याही आधीपासून, १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटना आपल्याकडे काम करत होत्या. त्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच आठवड्यात मोबाईलवरून, इंटरनेटवरून होणाऱ्या विक्रीचे नियम आले. त्या नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क आपल्या ॲपवर, वेबसाईटवर द्यायचा. ते अगदी तळाला बारीक अक्षरात असतं, चष्मा लावून शोधा. त्याने तुमची तक्रार अठ्ठेचाळीस तासांत पोचली म्हणून कळवायचं आणि एक महिन्यात निकालात काढायची. प्रत्येक तक्रारीला नंबर द्यायचा. तो नंबर लिहून ठेवा, म्हणजे दर फोनला रामायण पहिल्यापासून सांगावं लागत नाही. आणि सांगितलेल्या मुदतीनंतर वस्तू आली तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. पूर, दंगल असं काही त्याच्या हाताबाहेरचं कारण असेल तर गोष्ट वेगळी.

एवढ्यानेही नाही झालं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर. मराठीत बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. रायगडचा आयोग अलिबागला आहे, पण आता तक्रार घरबसल्या इंटरनेटवरूनही भरता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी दिल्लीला असो की बंगळुरूला. आणि मुदत दोन वर्षांची. आपल्यातल्या काही बाया भांड्याच्या, गादीच्या हप्त्यात फसल्या आहेत, त्यांनी ही दोन वर्षं लक्षात ठेवा.

माझं काय झालं? दुसऱ्या दिवशी तक्रारीचा नंबर आला. सहाव्या दिवशी पैसे परत आले. दिलगिरीही आली, छापील होती. दरम्यान मुलीचा अभ्यास थांबू नये म्हणून मी खारघरहून अडीचशे रुपयांचे वायरवाले इअरफोन आणून दिले होते. आणि गंमत ऐका, पैसे परत आल्यानंतर चार दिवसांनी ते पार्सल आलं! घेऊन कोण आलं? तोच पोरगा. म्हणाला, “काका, आज यादीत तुमचं नाव आहे.” गल्लीतल्या त्याच बायका पुन्हा दारात. मी त्याला आत बोलावलं. ज्या गल्लीत चोर म्हटलं होतं त्याच गल्लीत, तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हटलं, त्या दिवशी माझं चुकलं होतं, हा पोरगा खरं बोलत होता. तो लाजला, म्हणाला, “काका, हळू.” पार्सल परत पाठवलं. पैसे घेतले आणि वस्तूही ठेवली असं करता आलं असतं, एकदोघांनी तसा सल्लाही दिला. त्यांची नावं इथे घेत नाही, ते समोरच बसले आहेत.

मुलीने परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे.

माझा टी.व्ही. अजून मोठाच असतो. कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलंय.

एक विनंती करून थांबतो. कमिटीशी बोलणं झालं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर मी आणि माझी मुलगी मागच्या खोलीत टेबल मांडून बसू. ज्यांची काही तक्रार असेल, पार्सलची, लाईट बिलाची, गॅसची, मोबाईलच्या दुकानाची, त्यांनी येताना बिल, पावती, फोनवर आलेला मजकूर, जे असेल ते घेऊन या. पावती नसेल तर तारीख तरी आठवून या. अर्ज तिथेच लिहून देऊ. पार्सल आणणारी आपली आठदहा पोरं आहेत, त्यांच्या पैशांच्या, अपघाताच्या तक्रारी असतील तर त्यांनीही यावं, त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवली आहे. आणि पत्त्यासाठी प्रत्येक घरावर ठळक अक्षरात घर नंबर आणि गल्ली लिहायचं काम तरुण मंडळाने घेतलं आहे. रंगाचे पैसे जमले आहेत, ब्रश दोन कमी आहेत, ते कुणाकडे असतील तर आज जाताना सांगा.